पाण्याचा कारभारी : विल्यम मलहॉलंड

इतिहासाच्या पुस्तकांत राजे येतात, सेनापति येतात, क्वचित् कवि व धर्मसंस्थापकहि येतात. पण नगराला पाणी पुरविणारा मनुष्य त्यांत फारसा आढळत नाहीं. याचें कारण उघड आहे. त्याचें काम नीट चाललें असतां तें कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. तोटी फिरविली कीं पाणी येतें, आणि पाणी आलें म्हणजे तें कोठून आलें याची विचारपूस कोणी करीत नाहीं. ज्या दिवशीं तें येत नाहीं, अथवा नको त्या वाटेनें येतें, त्याच दिवशीं शहराला आठवण होते कीं, आपला सारा संसार कोणा एका कारभाऱ्याच्या शहाणपणावर उभा होता. अशा कारभाऱ्यांपैकीं ज्याचें नांव जगाच्या लक्षांत राहिलें असा एक पुरुष म्हणजे अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराच्या पाणीखात्याचा प्रमुख विल्यम मलहॉलंड हा होय. १८७८ सालीं तो त्या शहरांत चरांतील गाळ उपसण्याच्या कामास लागला. १९२८ सालीं, म्हणजे बरोबर पन्नास वर्षांनीं, चारशेंहून अधिक मनुष्यांच्या मृत्यूविषयीं जबानी देण्याकरितां तो कॉरोनरपुढें बसला. या दोन प्रसंगांमध्यें जें घडलें तें एका माणसाचें चरित्र तर आहेच. पण लोकांनीं आपल्या कारभाऱ्यावर विश्वास टाकावा तो किती व कसा, या प्रश्नाचाहि तो इतिहास आहे.

मलहॉलंडचा जन्म ११ सप्टेंबर १८५५ रोजीं आयर्लंडांतील बेलफास्ट येथें झाला, व बालपण डब्लिनमध्यें गेलें. आई लहानपणींच वारली. पंधराव्या वर्षाच्या सुमारास तो घर सोडून समुद्रावर गेला आणि सुमारें चार वर्षें त्यानें खलाशाचें काम केलें. पुढें अमेरिकेंत उतरून त्यानें मिशिगनच्या रानांत लांकूडतोड केली, इतरहि किरकोळ उद्योग केले, व १८७७ सालीं तो कॅलिफोर्नियांत पोंचला. वाटेंत आगगाडीच्या भाड्याला पैसे नसल्यामुळें पनामाची संयोगभूमि आपण पायींच तुडविली, असें तो सांगत असे. त्या वेळचें लॉस एंजेलिस हें एक धुळीचें गांव होतें. १८८० च्या शिरगणतींत त्याची वस्ती अवघी ११,१८३ भरली. स्पॅनिश अमदानीपासून तेथें नदीचें पाणी उघड्या चरांनीं वस्तींत खेळविण्याची पद्धत होती. या चरांची निगा राखणाऱ्यास तिकडे ‘सान्हेरो’ म्हणत. आपल्याकडचा पाटकरी तो हाच. पाणीपुरवठ्याचा मक्ता घेतलेल्या खाजगी कंपनीनें मलहॉलंडला या जागेवर नेमलें.

त्याच्या बढतीची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. एके दिवशीं तो चर साफ करीत असतां घोड्यावरून जाणाऱ्या एका गृहस्थानें त्यास, ‘तूं कोण, व काय करतोस?’ असें विचारलें. मलहॉलंडनें मान वर न करतांच, ‘तुला काय करायचें आहे?’ अशा अर्थाचें एक खरमरीत उत्तर दिलें. तो गृहस्थ कंपनीचा अध्यक्ष होता असें मागाहून समजल्यावर हा आपला राहिलेला पगार मागावयास कचेरींत गेला, तों तेथें त्याला बढतीचा हुकूम मिळाला! ही गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, त्याचा स्वभाव तिच्यांत नेमका उतरला आहे. हातांतल्या कामावर निष्ठा आणि त्यांत कोणी डोकावल्यास चीड, हे दोन्ही गुण त्याच्या ठायीं शेवटपर्यंत राहिले. पहिल्यानें त्याला वर चढविलें; दुसऱ्याचा हिशेब पुढें व्हावयाचा होता.

महाविद्यालयाची पायरी तो कधीं चढला नाहीं. दिवसभर चरावर खपावें आणि रात्रीं दिव्यापाशीं बसून भूमिति, जलशास्त्र, भूगर्भशास्त्र यांचीं पुस्तकें वाचावीं, असा त्याचा क्रम होता. शेक्सपिअरचीहि त्याला गोडी होती. १८८६ सालीं तो कंपनीचा अधीक्षक झाला. १९०२ सालीं शहरानें वीस लाख डॉलर देऊन पाण्याचा कारखाना कंपनीकडून विकत घेतला, तेव्हां एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. जमिनीखालीं नळ कोठें, किती जाडीचे व किती जुने आहेत याचे नकाशे किंवा दप्तर जवळ जवळ नव्हतेंच. तें सर्व अधीक्षकाच्या डोक्यांत होतें. त्यानें तोंडपाठ माहिती सांगितली. शहराच्या लोकांनीं खात्रीसाठीं जागोजाग खणून पाहिलें, तों ती बरोबर निघाली. अशा मनुष्यास सोडून चालणार कसें? शहरानें कारखान्याबरोबर कारभारीहि घेतला.

या प्रसंगाचें वर्णन त्याच्या चरित्रकारांनीं कौतुकानें केलें आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु त्यांत एक दुसराहि अर्थ आहे. लाखभर वस्तीच्या शहराचा पाणीपुरवठा एका मनुष्याच्या स्मरणशक्तींत सांठविलेला असणें, हें त्या मनुष्याचें भूषण असलें तरी शहराचें व्यंग आहे. दप्तर तपासतां येतें, त्यांतील चूक दुसऱ्यास दाखवितां येते. मस्तकाची तपासणी कोणीं करावी? लॉस एंजेलिसनें त्या दिवशीं मलहॉलंडची परीक्षा घेतली, ती बहुधा शेवटचीच. तींत तो उत्तीर्ण झाला, आणि त्यानंतर पंचवीस वर्षें त्याला प्रश्न विचारण्याची कोणास गरज वाटली नाहीं.

कारभारी म्हणून त्याची योग्यता नि:संशय मोठी होती. त्यानें घरोघर मीटर बसविण्याचा धडाका लावला, व पाण्याची नासाडी पुष्कळच आटोक्यांत आणली. परंतु वस्ती झपाट्यानें वाढत होती. १९०० सालीं ती १,०२,४७९ होती, ती १९१० सालीं ३,१९,१९८ झाली. अवर्षणाच्या वर्षीं उन्हाळ्यांत लहानशी नदी शहराची तहान भागवूं शकत नाहीं असें दिसूं लागलें. अशा वेळीं शहराचा माजी नगराध्यक्ष व मलहॉलंडचा जुना वरिष्ठ फ्रेड ईटन यानें त्यास १९०४ च्या सप्टेंबरांत आपल्याबरोबर घोड्याच्या गाडींतून उत्तरेकडे नेलें. सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेस, शहरापासून सुमारें अडीचशें मैलांवर, बर्फ वितळून भरणारी ओवेन्स नदी वाहत होती. तिचें खोरें समुद्रसपाटीपासून सुमारें ४,००० फूट उंच. एवढी उंची असल्यावर पाणी पंपाशिवाय, केवळ उतारानें, शहरापर्यंत येऊं शकेल हें मलहॉलंडनें ताडलें.

पुढील कामगिरी खरोखरच अद्भुत होती. १९०५ सालीं १५ लाख व १९०७ सालीं २ कोटी ३० लाख डॉलरांच्या कर्जरोख्यांस नागरिकांनीं मोठ्या बहुमतानें संमति दिली. वाळवंट, दऱ्या व डोंगर ओलांडून २३३ मैलांचा जलमार्ग पांच-सहा वर्षांत तयार झाला. एलिझाबेथ सरोवराखालचा बोगदा एकटाच सुमारें पांच मैल लांब होता. जॉबोन दरींतील सायफनाचे पोलादी नळ ओढण्यास एकेका गाडीला ५२ खेंचरें जुंपावीं लागत. कामाच्या भरांत सुमारें चार हजार मजूर खपत होते. इतकें प्रचंड सार्वजनिक काम नेमल्या वेळांत व नेमल्या पैशांत पुरें होतें, ही गोष्ट आजहि दुर्मिळ आहे. ५ नोव्हेंबर १९१३ रोजीं हजारों लोकांच्या समोर दरवाजे उघडले आणि पाणी खळाळत खालीं आलें. मोठें भाषण अपेक्षित असतां मलहॉलंडनें नगराध्यक्षाकडे वळून, ‘हें आलें पाहा, घ्या’, एवढेंच म्हटलें. दुसऱ्या वर्षीं कॅलिफोर्निया विद्यापीठानें, शाळेंतून पळालेल्या या मुलास सन्मान्य डॉक्टरची पदवी दिली.

परंतु एका ठिकाणीं आलेलें पाणी दुसऱ्या ठिकाणाहून गेलेलें असतें. ओवेन्सच्या खोऱ्यांत पायूट नांवाचे मूळचे लोक फार पूर्वींपासून चर काढून पाणी खेळवीत असत. त्यांना हुसकून गोऱ्या शेतकऱ्यांनीं तेथें वसाहत केली होती. आतां या शेतकऱ्यांची पाळी आली. मध्यवर्ती सरकारचें पाटबंधारे खातें तेथें शेतीसाठीं योजना करणार अशी त्यांची समजूत होती. आणि ईटन जमिनी घेत फिरत होता तो त्या खात्यासाठींच, असें पुष्कळांस वाटलें. त्याच खात्याचा एक वरिष्ठ इंजिनियर शहराचा पगारी सल्लागारहि होता. इकडे शहरालगतच्या सान फर्नांडो खोऱ्यांतील कोरडवाहू जमिनी कांहीं धनिकांनीं आधींच घेऊन ठेवल्या होत्या. पाणी येतांच त्यांचें सोनें झालें. मलहॉलंडनें स्वतः लांच खाल्ल्याचें कोणीं सिद्ध केलेलें नाहीं. पण जो व्यवहार आपल्या नांवानें चालला आहे त्यांतील लपवाछपवी त्याला ठाऊक नव्हती असें म्हणतां येत नाहीं.

१९२० नंतर अवर्षण पडलें, शहराची तहान वाढली, आणि खोऱ्यांतील जमीनखरेदीस जोर आला. २१ मे १९२४ रोजीं जलमार्गास सुरुंग लागला. त्याच वर्षीं १६ नोव्हेंबरला शेतकऱ्यांनीं अलाबामा दरवाज्यांचा ताबा घेऊन पाणी पुन्हां नदींत सोडलें, आणि कांहीं दिवस तेथें बायकामुलांसह सहभोजनें चाललीं. मलहॉलंडला या लोकांविषयीं सहानुभूति वाटली नाहीं. त्याच्या हिशेबांत एका बाजूस लाखों नागरिक होते व दुसऱ्या बाजूस कांहीं हजार खेडूत. आणि बेरीज-वजाबाकीनें प्रश्न सुटला असें त्यास वाटे. १९२७ च्या ऑगस्टांत खोऱ्यांतील पुढाऱ्यांची पेढी बुडाली, त्यांना अफरातफरीबद्दल शिक्षा झाली, आणि प्रतिकार संपला. ओवेन्स सरोवर तोंपर्यंत आटलें होतें.

या झगड्यामुळें मलहॉलंडच्या मनांत एक गोष्ट पक्की झाली कीं, दूरच्या नदीवर शहराचा जीव टांगून ठेवणें बरें नव्हे. शहराजवळ निदान वर्षभराचा सांठा पाहिजे. नदीच्या वरच्या भागांतील उत्तम जागा ईटनच्या मालकीची होती, व तो तिची किंमत दहा लाख डॉलर सांगत असे. मलहॉलंडनें ती देण्याचें नाकारलें आणि दोघां मित्रांचें वांकडें आलें. ही काटकसर सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठीं होती, हें विसरतां कामा नये. शेवटीं शहराच्या वायव्येस सुमारें चाळीस मैलांवर सान फ्रान्सिस्किटो दरींत धरण बांधण्याचें ठरलें. त्याचें नांव सेंट फ्रान्सिस. १९२४ सालीं काम सुरू झालें व १९२६ सालीं संपलें. काम चालू असतांना भिंतीची उंची दहा-दहा फुटांनीं दोन वेळां वाढविण्यात आली. पाया मात्र त्या मानानें रुंद केला नाहीं. बाहेरच्या कोणाहि तज्ज्ञाकडून आराखडा तपासून घेतला नाहीं. कायद्यानेंहि तशी सक्ति नव्हती, कारण धरणांवरील सरकारी देखरेखींतून नगरपालिकांची धरणें वगळलेलीं होतीं. मलहॉलंडनें सांगितलें म्हणजे झालें.

१९२८ च्या मार्चच्या आरंभीं धरण कांठोकांठ भरलें. १२ मार्च रोजीं सकाळीं रखवालदारास एका बाजूस गढूळ पाणी झिरपतांना दिसलें. गढूळ पाणी म्हणजे पायाखालची माती वाहून जात असल्याची खूण. म्हणून त्यानें तांतडीनें निरोप धाडला. मलहॉलंड आपला मदतनीस व्हॅन नॉर्मन यासह तेथें आला. त्यानें सुमारें दोन तास पाहणी केली, गढूळपणा नव्या रस्त्याच्या मातीमुळें आहे असें ठरविलें, धोका नाहीं असें सांगितलें व तो परत गेला. त्यानंतर बारा तासांच्या आंत, मध्यरात्रीस दोन-तीन मिनिटें असतां, धरण फुटलें. सुमारें बारा अब्ज गॅलन पाणी अंधारांतून निघालें आणि सांता क्लारा नदीच्या खोऱ्यांतून ५४ मैल वाहत जाऊन पहांटे साडेपांचाच्या सुमारास समुद्रास मिळालें. सांता पॉला गांवीं टेलिफोनवरील मुलींनीं जागा न सोडतां घरोघर घंट्या वाजविल्या, व मोटारसायकलवरील शिपायांनीं दारें ठोठावून लोकांस उठविलें, म्हणून तेथें पुष्कळ जीव वांचले. तरी चारशेंहून अधिक मनुष्यें मेलीं. त्यांत पहिला बळी रखवालदाराचाच असावा. मळ्यांवर राबणाऱ्या मेक्सिकन मजुरांपैकीं किती गेले याची पक्की गणति कधींच झाली नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पाणी शिरलें, त्याच्या कथा ज्यांनीं वडील माणसांच्या तोंडून ऐकल्या आहेत त्यांना या रात्रीचें चित्र निराळें काढून दाखविण्याची आवश्यकता नाहीं.

चौकशींत बहात्तर वर्षांचा मलहॉलंड साक्षीस आला. धरणाच्या पश्चिम कडेच्या तांबड्या खडकाचा तुकडा पाण्याच्या पेल्यांत टाकतांच विरघळून गेला, हें सर्वांनीं पाहिलें. मेलेल्यांचा आपणास हेवा वाटतो, असे उद्गार त्याच्या मुखांतून निघाले. पुढें त्यानें स्पष्ट सांगितलें कीं, दोष दुसऱ्या कोणास देऊं नका. मानवी बुद्धीची कांहीं चूक झाली असेल तर तो मानव मी आहें. मोठे अधिकारी संकटसमयीं हाताखालच्या लोकांकडे बोट दाखवितात असा जगाचा अनुभव आहे. तो लक्षांत घेतां या वृद्धाचें हें वागणें उदात्तच म्हटलें पाहिजे. ज्यूरीनें त्याच्यावर गुन्ह्याचा आरोप ठेवला नाहीं. परंतु तिनें एक मत नोंदविलें, आणि माझ्या मतें या सर्व कथेचें सार त्यांत आहे. मोठ्या धरणाची बांधणी व देखरेख ही कोणाहि एकाच माणसाच्या, मग तो कितीहि थोर असो, केवळ निर्णयावर सोडतां कामा नये, असा त्याचा आशय होता.

या दोन वाक्यांत, मलहॉलंडच्या व ज्यूरीच्या, वरवर पाहतां विरोध नाहीं; पण थोडा विचार केला असतां तो दिसूं लागतो. ‘दोष माझा एकट्याचा’ असें म्हणतांना मलहॉलंड शेवटच्या वेळींहि तेंच सांगत होता जें तो पन्नास वर्षें मानीत आला होता : पाणी ही माझी एकट्याची जबाबदारी आहे. यशाच्या काळीं त्यानें निर्णय वांटून घेतला नाहीं, अपयशाच्या काळीं त्यानें दोष वांटून घेतला नाहीं. आणि ही त्याची उदारता पुष्कळांच्या सोयीची ठरली. ज्या मंडळानें आराखडा न पाहतां पैसा मंजूर केला, ज्या विधिमंडळानें नगरपालिकांना तपासणींतून सूट दिली, ज्या वर्तमानपत्रांनीं त्याला देवत्व दिलें, आणि ज्या नागरिकांनीं स्वस्त पाणी मिळतें आहे तोंवर कांहींच विचारलें नाहीं, त्या सर्वांची पापें एका म्हाताऱ्याच्या माथ्यावर घालून शहर मोकळें झालें. आधीं त्याला एकट्याला श्रेय दिलें होतें. मग त्याला एकट्याला दोष दिला. दोन्ही वेळां शहरानें आपला विचार करण्याचा भार टाळला.

१९९० च्या दशकांत इंजिनियर-भूशास्त्रज्ञांनीं या अपघाताचा नव्यानें अभ्यास केला, तेव्हां असें दिसलें कीं धरणाची पूर्व कड एका अतिप्राचीन दरड-घसरणीवर टेकलेली होती. आणि भिंतीखालून वर दाबणाऱ्या पाण्याच्या जोराचा विचारहि अपुरा झाला होता. ती प्राचीन दरड ओळखणें त्या काळच्या विद्येला कठीण होतें. यावरून कित्येकांनीं मलहॉलंडला दोषमुक्त केलें आहे. पण हा युक्तिवाद पुरता पटत नाहीं. वरून दाबणाऱ्या पाण्याइतकाच खालून उचलणाऱ्या पाण्याचा विचार करणारे इंजिनियर तेव्हांहि होते. त्यांपैकीं एकाला जरी आराखडा दाखविला असता, तरी निदान एक प्रश्न विचारला गेला असता. मलहॉलंडजवळ ज्ञान कमी होतें हा मुख्य मुद्दा नव्हे; त्याचें ज्ञान कोठें संपतें हें त्याला सांगणारा कोणी जवळ नव्हता, हा मुद्दा आहे. १९२९ सालीं कॅलिफोर्नियानें कायदा करून धरणांची तपासणी राज्याच्या इंजिनियराकडे दिली, आणि नगरपालिकांची सूट काढून घेतली. मलहॉलंडच्या दीर्घ कारकीर्दीनें जें शिकविलें नाहीं तें त्या एका रात्रीनें शिकविलें.

१९२८ अखेर त्यानें काम सोडलें व २२ जुलै १९३५ रोजीं तो वारला. १९४० सालीं त्याच्या स्मरणार्थ शहरानें एक कारंजें उभारलें. डोंगरमाथ्यावरील एका प्रसिद्ध रस्त्यासहि त्याचें नांव आहे. त्यानें बांधलेल्या जलमार्गांतून आजहि पाणी वाहतें. आटलेल्या ओवेन्स सरोवराच्या पात्रांतील विषारी धूळ दाबण्यासाठीं मात्र त्याच शहराला या शतकाच्या आरंभापासून तेथें पुन्हां पाणी सोडावें लागत आहे, आणि त्या कामीं दोन अब्ज डॉलरांहून अधिक खर्च झाला आहे. शंभर वर्षांपूर्वींच्या बेरीज-वजाबाकींत जी रक्कम धरावयाची राहिली होती ती अशी व्याजासह वसूल होत आहे.

अशा पुरुषाचें स्मरण कसें करावें? त्याला महात्मा ठरविणारे आहेत, आणि पाणीचोर ठरविणारेहि आहेत. दोघांनाहि एकच मनुष्य हवा असतो, कारण एका मनुष्याची पूजा करणें किंवा त्याला शिव्या देणें सोपें असतें. मला वाटतें, त्याच्या हातून झालेलें बरें-वाईट त्याच्याजवळ ठेवावें, आणि आपला वांटा आपण घ्यावा. पाणी, वीज, आगगाडी हीं कामें ज्यांच्या हातीं असतात ते पुष्कळदां आपणांपेक्षां शहाणे असतात. म्हणूनच आपण त्यांच्यावर विसंबतों. पण कारभाऱ्याला प्रश्न विचारणें हा त्याचा अपमान नाहीं. तो त्याला दिलेला आधार आहे. १२ मार्चच्या सकाळीं त्या दरींत मलहॉलंडच्या शेजारीं उभें राहून, ‘साहेब, हें पाणी गढूळ कां?’ असें ठांसून विचारण्याचा ज्याला अधिकार आहे असा एखादा मनुष्य असता, तर चारशें घरांबरोबर त्या म्हाताऱ्याचीहि अब्रू वांचली असती.